उतार

बावीस वर्षं आमचं जेवायचं टेबल
कलतंय, आणि कललेलं असून डुगडुगतंय.
मुहर्रकच्या जुन्या घरातली ही मधली खोली,
भिंती समुद्रातल्या दगडाच्या,
चुना हाताला लागतो, खिडकी एकच, तीही एसीने अडवलेली.
मदन दर जानेवारीत जुन्या कॅलेंडरची घडी घालतो,
पायाखाली सारतो,
तरी वर्षभर आमटी वाटीच्या एकाच कडेला चढते.
पाहुण्यांना मी आधीच सांगते: वाटी अर्धीच घ्या.

आता मुक्ताचं ठरलंय.
डिसेंबरात व्याही येणार मिरजेहून, मोजून आठ जण.
आठ जण या खोलीत म्हणजे कोपराला कोपर,
आणि फ्रिज उघडायचा तर दोघांनी उठायचं.
मी वहीत आराखडा काढला:
फ्रिज बाहेर, भिंतीतलं कपाट रद्द,
ट्यूब जाऊन दोन लोंबते दिवे, फरशी नवी.
टेबलाचं ठरेना.
मदन म्हणाला, टेबलात खोट नाही.
हे तो बावीस वर्षं म्हणतोय.

गुल जमान आला, स्वातचा गवंडी.
पाणसळ फरशीवर ठेवली, वाकून बुडबुडा बघितला,
जीभ टाळ्याला लावून चक् केलं.
"बाजी, टेबल का कसूर नहीं।"
मदनने माझ्याकडे बघितलं.
मी दिव्यांचा कॅटलॉग चाळत होते.

तिसऱ्या दिवशी फरशा निघाल्या.
खाली काळपट गच,
आणि गचात पन्हळी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
उसाच्या सऱ्या पाडाव्यात तशा नेटक्या,
सगळ्या किंचित उतरत
फ्रिजच्या कोपऱ्याकडे निघालेल्या.
तिथे एक भोक. रांजण मावेल एवढं.

घरमालकीण उम्म खलफ काठी टेकत आली.
"मदबसा," म्हणाली,
उधारी बुडवलेल्या माणसाचं नाव घ्यावं तसं.
इथे खजुराच्या गोण्या आढ्यापर्यंत रचायच्या,
दार लावून उन्हाळा आत कोंडायचा.
खालच्या गोण्या वरच्यांच्या भाराने पाझरायच्या,
रस सऱ्यांतून रांजणात.
काकवीच, मी म्हटलं, खजुराची काकवी,
आणि मनातल्या मनात वरून काच बसवली,
काचेखाली दिवे सोडले,
विहीणबाईंना हात धरून दाखवूनसुद्धा झालं.

"बुजव," उम्म खलफ म्हणाली.
"मुंग्या. माझं सगळं लहानपण मुंग्या.
अंथरुणात, पाण्यात, आईच्या वेणीत.
बुजव. भाडं वाढवत नाही."

सिमेंट उद्या सकाळी.
टेबल अंगणात चादर पांघरून उभं,
म्हणून त्या रात्री आम्ही खाली बसलो,
सऱ्यांवर वर्तमानपत्र पसरून.
मदनचे गुडघे वाजले.
मांडी कशी घालतात ते एक पाय विसरला होता.
वरणभात, लिंबाची फोड, कालचा ठेचा.
भांडं लवंडलं. कुणाच्या हातून ते सांगत नाही.

पाणी कागदाखालून निघालं,
एका सरीत शिरलं, जरा थबकलं,
तोंडाशी धुळीची मिशी घेऊन
पुढे, पुढे, थेट त्या भोकापर्यंत.
साठ वर्षं कुणी वाट दाखवली नव्हती.
"परत," मदन म्हणाला,
आणि तांब्या उचलून शेजारच्या सरीत ओतलं. मग तिच्या शेजारच्या.
भात गार झाला.

आता फरशी पांढरी आहे, दिवे लोंबतात,
बुडबुडा मधोमध.
व्याह्यांनी वाट्या काठोकाठ भरून घेतल्या,
मी बघत राहिले, एक थेंब सांडला नाही.

जानेवारीच्या एक तारखेला
मदन टेबलापाशी ओणवा,
हातात गेल्या वर्षाची घट्ट घडी.
"अगं," म्हणाला, "ही कुठे ठेवू?"